जिराफाच्या शिंगांवर साडेतीन इंच

या, असे पुढं सरका. मागं भिंतीला पाठ लावून बसलात तेही या. कीर्तन असो की गोष्ट, भिंतीला टेकलेल्या माणसापर्यंत ती अर्धीच पोचते. एक गोष्ट सांगतो, उंचीची. तिच्यात एक फार उंच माणूस आहे, एक फार ठेंगणा आहे आणि एक जिराफ आहे. जिराफ शेवटाकडं येतो. तोवर धीर धरा.

ऑस्ट्रेलियात, आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या गव्हाच्या मुलखात येरिनबूल आणि कोलबिन अशी दोन गावं आहेत. मधे चौदा मैलांचा सुतासारखा सरळ रस्ता. येरिनबूलचा अर्विन नोस्के सहा फूट आठ इंच उंच. गव्हाचा सायलो, म्हणजे धान्याचं मनोऱ्याएवढं कोठार, गावात कुठूनही दिसतो, तसा हाही दिसायचा. म्हणून त्याला सगळे सायलोच म्हणत. त्याची बायको डॉट सोडून. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये हातही चालतात; पंच चेंडू आपटून वर उडवतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे उंच गडी उड्या मारून तो आपल्या बाजूला ढकलतात. बाकीचे उड्या मारत; सायलो नुसता हात वर करी. सतरा वर्षं तो असा हात वर करत होता, आणि सतरा वर्षांत येरिनबूल एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोचलं नव्हतं. रविवारी तो त्यांच्या लुथेरन देवळात खर्जात गायचा. त्याचा खर्ज ऐकायला मी मागच्या बाकावर जाऊन बसत असे. पाद्रीबाबांचं प्रवचन सुरू असताना डुलक्या घेणारेही सायलोनं सूर लावला की डोळे उघडत. असा आवाज देव उगाच कुणाला देत नाही.

तर त्या वर्षी सप्टेंबरात चमत्कार झाला. उपांत्य सामन्यात येरिनबूलनं कोलबिनला हरवलं. मैदानाभोवती उभ्या केलेल्या मोटारींनी दहा मिनिटं भोंगे वाजवले. पण त्याच सामन्याच्या तिसऱ्या डावात एक भानगड झाली होती.

कोलबिनचा लेस्टर क्विनलिव्हन म्हणजे त्यांचा सगळ्यात चपळ गडी. धंद्यानं मेंढ्यांचा लिलाव पुकारणारा. लिलावाच्या दिवशी मेंढ्यांच्या वाड्यांवरून लाकडी फळी टाकलेली असते, तिच्यावरून तो चालत जायचा आणि बोली पुकारायचा. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस सगळा मुलूख त्याच्याकडं मान वर करून बघत असे. उरलेले पाच दिवस तो उंच टाचांचे बूट घालून निभावून न्यायचा. तो किती उंच होता हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही कधी बोललं नव्हतं. त्याच्या तोंडावर तर नाहीच, पण पाठीमागंही नाही, कारण आमच्याकडं पाठीमागं बोललेलं दुपारपर्यंत तोंडावर येतं.

त्या दिवशी चेंडू आभाळात होता. क्विनलिव्हन त्याच्याकडं बघत ताठ उभा, आणि समोरून सायलो आला. धडक बसली. क्विनलिव्हन आडवा झाला, डावी भुवई फाटली, सहा टाके पडले. पंचानं शिट्टी फुंकली, खिशातून वही काढली आणि लिहिलं: उडी मारून डोक्याला धडक.

उडी मारून डोक्याला धडक म्हणजे आमच्या लीगमध्ये सरळ तीन सामन्यांची बंदी. पाय जमिनीवर असताना, हात अंगाशी धरलेला असताना लागलं, तर तो अपघात. सगळा फरक त्या एका उडीचा. सायलो छत्तीस वर्षांचा. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यांकडं बघून सांगितलं होतं, "हे शेवटचं वर्ष. खरं तर मागचंच शेवटचं होतं." म्हणजे शनिवारचा अंतिम सामना हुकला, तर जन्माचा हुकला.

शिस्त समिती मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता बसली. लीगचं इतिवृत्त मी लिहीत असे, म्हणून हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या हातानं लिहिलं. समिती बसते त्या सार्वजनिक सभागृहात दर गुरुवारी तान्ह्या मुलांचा दवाखाना भरतो. भिंतीवर एक पिवळा जिराफ रंगवलेला आहे, पायापासून शिंगांपर्यंत फूट-इंचांच्या खुणा असलेला. शिंगं बरोबर पाच फुटांवर.

समितीचे अध्यक्ष ॲम्ब्रोज टकवेल. जन्मभर सरकारी जमिनी मोजून निवृत्त झालेले. चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांच्या रेषेत धरत. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सभासद होते, मान डोलवण्यापुरते.

सायलोची बाजू मांडायला येरिनबूलनं नेव्ह पर्किसला उभं केलं. नेव्ह अंत्यविधीचं दुकान चालवायचा. त्याच्याइतकं गंभीर तोंड करून पन्नास मैलांत कुणाला उभं राहता येत नसे, म्हणून वकिलीचं काम त्याच्याकडं आलं होतं.

आधी पंच बोलला. "मी पंचवीस हातांवर होतो. जोरात धडक बसली. उडी मारल्याशिवाय एवढी जोरात बसणार नाही."

"पाय हवेत पाहिलेस?" नेव्हनं विचारलं.

"पायांत चिखल होता. चिखल उडाला."

"चिखल उडाला की माणूस उडाला?"

"आवाज माणूस उडाल्यासारखा झाला."

मग क्विनलिव्हन. डोळा वांग्यासारखा सुजलेला, भुवईवर टाके. आमच्याकडं एक रीत आहे. ज्याला लागलं त्यानं समितीपुढं यायचं आणि आपल्याला काही झालंच नाही असं सांगायचं. मैदानावरचं मैदानावर. एकदा एकाचा जबडा तारेनं बांधलेला होता, तरी त्यानं पाटीवर लिहून दिलं होतं, 'सौम्य स्पर्श.'

"मिस्टर क्विनलिव्हन," टकवेल म्हणाले, "शनिवारी काय झालं?"

"काही नाही, साहेब. छान सामना झाला. आम्ही हरलो तेवढं सोडून."

"तुमच्या भुवईला काय झालं?"

"मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक लागलं. रविवारी."

"रविवारी बाजार बंद असतो."

"म्हणून तर फाटक बंद होतं."

मागं बसलेली डॉट नोस्के फिसकन् हसली. टकवेलांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं मांडीवरच्या केकच्या डब्याचं झाकण घट्ट केलं.

इथं नेव्हनं आपला हुकमी पत्ता काढला. येरिनबूलच्या लोकांची एक समजूत आहे: बाद फेरी सुरू झाली की जिंकणाऱ्यानं अंगातली जर्सी धुवायची नाही. यश पाण्याबरोबर वाहून जातं. त्यामुळे सायलोची बिनबाह्यांची जर्सी तीन आठवडे पाण्याविना, कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडं दोरीवर लटकत होती. ती नेव्हनं पिशवीतून काढली. पुढच्या ओळीतले लोक मागच्या ओळीत गेले.

"इथं बघा," नेव्ह म्हणाला, "बगलेखाली, बरगडीवर. हा डाग मिस्टर क्विनलिव्हन यांच्या भुवईचा. कोपराचा नाही, खांद्याचा नाही, ठोशाचा नाही. माझा गडी नुसता उभा होता आणि भुवई येऊन त्याच्या बरगडीला लागली."

टकवेलांचे डोळे चमकले. मोजायला काहीतरी मिळालं होतं! त्यांनी सायलोला बूट काढायला लावले, जर्सी चढवायला लावली, पाय जुळवून उभं केलं, खिशातून टेप काढली. ओळंबाही काढला. या दोन्ही वस्तू ते बरोबर घेऊनच हिंडत, लग्नाला जातानासुद्धा.

"डाग जमिनीपासून चार फूट अकरा इंचांवर," ते म्हणाले. "मिस्टर सावे, लिहा."

मी लिहिलं.

"आता मिस्टर क्विनलिव्हन यांची उंची." त्यांनी लीगची साप्ताहिक पुस्तिका उघडली. दर सामन्याला फाटकाशी ती विकतात. तिच्यात प्रत्येक गड्याचं नाव, क्रमांक आणि उंची असते. "क्विनलिव्हन, एल. पाच फूट आठ. माणसाची भुवई टाळूपासून साडेचार इंच खाली. म्हणजे पाच फूट साडेतीनवर. डाग चार फूट अकरावर. दोघेही ताठ उभे होते, बूटही सारखेच. म्हणजे धडकेच्या वेळी मिस्टर नोस्के साडेचार इंच हवेत होते." त्यांनी टेप सोडली, ती खर्रकन् आत गेली. "उडी सिद्ध झाली."

नेव्हचं तोंड गंभीरच होतं, पण आता ते खरोखरच गंभीर झालं.

"मिस्टर टकवेल, पुस्तिकेतले आकडे... म्हणजे... अंदाजे असतात."

"ही लीगची अधिकृत पुस्तिका आहे. ती खोटी आहे असं म्हणणं आहे का तुमचं?"

सगळ्यांनी छताकडं पाहिलं. कारण पुस्तिकेतली उंची ज्याची त्यानं लिहून द्यायची असते, आणि आमच्या मुलखात खरी उंची लिहून दिलेला एकही गडी झाला नव्हता. खुद्द नेव्ह खेळत असताना पूर्ण सहा फूट होता. आता शवपेट्या विकायला लागल्यावर पाच फूट दहा झाला होता.

"मी माणसाकडं नुसतं बघून त्याची लांबी सांगतो," नेव्ह हळूच म्हणाला. "माझा धंदाच आहे तो. एकोणतीस वर्षांत एकाही पेटीची तक्रार आलेली नाही."

"येणार कशी?" टकवेल म्हणाले.

"मला म्हणायचंय की मिस्टर क्विनलिव्हन हे माझ्या अंदाजानं..."

आणि तो थांबला. क्विनलिव्हन त्याच्याकडं बघत होता. चांगल्या डोळ्यात भीती होती. हजार मेंढ्या एका श्वासात विकणारा माणूस, त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"सरळ मार्ग आहे," टकवेल म्हणाले. "जिराफ समोर आहे. मिस्टर क्विनलिव्हन, बूट काढा आणि उभे राहा."

आपल्या पुराणात वामनानं तीन पावलांत सगळं त्रैलोक्य मोजलं. इथं वामनालाच मोजायची पाळी आली होती, आणि तीही तान्ह्या मुलांच्या जिराफाला लावून, अर्ध्या कोलबिनसमोर. क्विनलिव्हन हलला नाही. ज्याला लागलं त्यानं वाटेल ते सांगून समोरच्याला वाचवायचं, ही रीत त्याला माहीत होती. फाटकाचं सांगून झालं होतं, गरज पडली असती तर त्यानं शपथेवर फाटकाचा रंगसुद्धा सांगितला असता. पण खरं बोलून वाचवण्याची वेळ आमच्या समितीपुढं कधी कुणावर आलीच नव्हती.

तेव्हा सायलो बोलला. तो सहसा बोलत नसे. त्याचा आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा.

"सोडा त्याला, साहेब. मी उडी मारली असेन."

"असेन?"

"मारली. मारली असं लिहा."

मी लेखणी उचलली, पण टेकवली नाही.

डॉट ताडकन् उभी राहिली. "अर्विन नोस्के! लग्नाला चौदा वर्षं झाली, तू एकदा पायरीवरून उडी मारली नाहीस! पायाखालून साप गेला तेव्हासुद्धा नाही! हा माणूस उडी मारेल? सतरा वर्षं त्या शनिवारची वाट बघितली त्यानं. मी बघितली. मी चौदा वर्षं लोकांच्या अंतिम सामन्यांना सँडविच केलेत!"

"डॉट, बस गं."

"मी नाही बसत!"

"मिसेस नोस्के, डबा पडेल," टकवेल म्हणाले. ती बसली. डोळे पुसायला तिला हातरुमाल सापडेना, तेव्हा तिनं केकवरचं फडकं घेतलं.

सायलो जिराफाशेजारी उभाच होता. ती कळकट जर्सी घालून, दोन्ही पाय जुळवून. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान लाल होतात, तसे त्याचे झाले होते. क्विनलिव्हन त्या कानांकडं बघत राहिला. मग त्यानं टेबलावरची पुस्तिका ओढली, दुसरं पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"सायलो," तो म्हणाला, "इथं तुझी उंची सहा फूट सहा आहे."

सायलोचे कान आणखी लाल झाले. "हो."

"दोन इंच कमी लिहिलीस?"

"नाचाला कुणी जोडीला येत नसे. पुस्तिकेत वाचून आधीच ठरवायच्या पोरी."

"मी आले ना!" डॉट फडक्यातून म्हणाली.

"तू पुस्तिका वाचत नाहीस."

क्विनलिव्हन हसला. हसताना टाके ओढले गेले असतील, कारण तो "आई गं!" म्हणाला. मग खुर्चीवर बसला आणि उजवा बूट ओढून काढला. मग डावा. टाचा दोन इंचांच्या तर होत्याच, पण बुटांच्या आतून घडी घातलेले कागद पडले. मी जवळ होतो, मी पाहिलं: लीगच्याच पुस्तिका होत्या त्या. गेल्या वर्षीच्या, प्रत्येक बुटात चार-चार.

तो मोज्यांवर चालत जिराफाकडं गेला, सायलोला कोपरानं बाजूला ढकललं आणि पाठ भिंतीला लावली. जिराफाची शिंगं त्याच्या कानांपाशी आली.

"मोजा," तो म्हणाला.

टकवेलांनी लाकडी पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली. हात हलू नये म्हणून श्वास धरला. "पाच फूट तीन..."

"थांबा!" क्विनलिव्हन ओरडला, आणि तो आवाज वाड्यांवरच्या फळीवरचा होता, खणखणीत. "पाच फूट तीन, पाच फूट तीन आले आहेत, चांगला गडी आहे, दात शाबूत, कोण वर जातं? साहेब, पट्टी सरळ धरा, केस दाबू नका! साडेतीन? साडेतीन म्हणा, साहेब!"

टकवेलांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "साडेतीन," ते म्हणाले.

"साडेतीन आले! पुढं कुणी? नेव्ह, तुझा काय अंदाज होता?"

"साडेतीन," नेव्ह म्हणाला. "मी केव्हाच लिहून ठेवलंय."

"साडेतीन एक वार! साडेतीन दोन वार!" त्यानं सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली, आणि कोलबिनचा एकही माणूस छताकडं बघत नव्हता. "साडेतीन, तीन वार! दिला!"

टकवेलांच्या हातात लाकडी पट्टी होती, ती त्यांनी नकळत टेबलावर आपटली. भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. मग उभ्या उभ्या वजाबाकी केली: पाच फूट साडेतीनमधून साडेचार इंच गेले, उरले चार फूट अकरा. डाग चार फूट अकरावर.

"मिस्टर नोस्के यांचे पाय जमिनीवर होते," ते म्हणाले. "अपघात. बंदी नाही." दोन्ही सभासदांनी मान डोलावली. मी लिहिलं, आणि शेवटचं अक्षर जरा फिस्कटलं. त्याला मी काय करू? माझेही डोळे भरले होते.

पंच म्हणाला, "मग एवढा आवाज कसला झाला?"

"ती जर्सी आहे," नेव्ह म्हणाला. "तीन आठवड्यांत कडक झाली आहे."

डॉटनं केक कापला. पहिला तुकडा क्विनलिव्हनला, मोज्यांवर उभा असतानाच.

शनिवारी येरिनबूल हरलं. बावीस गुणांनी. तुम्ही विचारणार म्हणून सांगून टाकतो. पण सायलो चारही डाव खेळला. एकदाही उडी मारली नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो मैदानाच्या मधोमध उभा होता आणि जर्सीच्या टोकानं तोंड पुसत होता. त्या जर्सीनं तोंड पुसायचं म्हणजे मनात काय चाललं असेल बघा. कोलबिनहून नुसत्या बघायला आलेल्यांपैकी एकाच मोटारीचा भोंगा वाजत होता. क्विनलिव्हन सपाट बूट घालून आला होता आणि मोटारीच्या टपावर उभा होता. टपावर उभं राहायची सवय काही गेली नाही. आत बसून त्याची बायको भोंगा दाबत होती.

पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत छापून आलं: क्विनलिव्हन, एल., पाच फूट साडेतीन. त्या अर्ध्या इंचासाठी तो छापखान्यात दोनदा जाऊन आला. सायलो खेळत नव्हता, पण पाणी देणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं, पुढं सहा फूट आठ. आणि काय झालं कोण जाणे, हळूहळू सगळी लीगच खचली. कुणी दोन इंच, कुणी तीन. शहरातल्या एका वर्तमानपत्रवाल्यानं फोन करून विचारलं, हा दुष्काळाचा परिणाम आहे का? टकवेल म्हणाले, उलट, यंदा चांगला पाऊस झाला.

क्विनलिव्हनला जाऊन आता सहा वर्षं झाली. नेव्हनं पेटी केली, अर्थातच मोजल्याशिवाय. प्रार्थनेला सायलो खर्जात गायला, कॅथलिक देवळात, परवानगी न विचारता, आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. नंतर चहाच्या वेळी मी नेव्हला विचारलं, पेटी जरा लांब वाटली, नाही का रे?

"आतून पाच फूट आठ," नेव्ह म्हणाला. "आयुष्यभर मागत होता बिचारा."

सभागृहाची भिंत दोनदा रंगवली, पण रंगाऱ्यानं जिराफाच्या शिंगांवरची ती रेघ दोन्ही वेळा सोडली. गुरुवारी दवाखान्यात येणाऱ्या आया विचारतात, हे कुठल्या बाळाचं? आता तुमची गंमत बघा. तुम्हीही कुठंतरी अर्जावर उंची लिहालच. लेखणी जरा वर सरकेल. सरकू द्या, देव काही रागावत नाही. पण त्या क्षणी भिंतीला पाठ लावून मोज्यांवर उभ्या असलेल्या लेस्टर क्विनलिव्हनची आठवण काढा. एवढंच माझं मागणं आहे.